सातवा प्रश्न

सुतारवाडीच्या वळणावर माझं झेरॉक्सचं दुकान.
आधार, पॅन, भाडेकरार, बोनाफाईड,
पाठपोट तीन रुपये.
कोकाटे बाई येतात दुपारी, गिऱ्हाईक नसताना.
शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होत्या,
एकतीस वर्षं परीक्षानळ्या धुतल्या.
आता हातानं लिहिलेली चार पानं आणतात
दुधाच्या धुतलेल्या पिशवीत, पिशवीला रबर.
वर ठळक : ओढ्याची वही. किंमत नाही.

‘बाई, सरळ फुकट लिहा की.’
‘फुकट लिहिलं की लोक चार-चार नेतात
आणि एक वाचत नाहीत.’

पहिल्या पानावर जुनी सीडी.
अर्धी काळी रंगवा, अर्धी पांढरी,
मधल्या भोकातून दोरी, दोरीला वीतवीतभर अंतरानं गाठी.
पाण्यात सोडा. दिसेनाशी झाली की गाठी मोजा.
दुसऱ्यावर किडे :
चतुराचं पिल्लू, पाणविंचू, तांबडी अळी,
बाईंनी बॉलपेननं काढलेले, पाय मोजून.
खाली चौकटीत :
पाण्यात किडा दिसला तर घाबरू नका.
एकही दिसला नाही, तर घाबरा.

माझ्या मशीननं गोगलगायीचा शंख काळाकुट्ट केला.
‘दुसरी काढू का?’
बाईंनी चष्मा वर केला, कागद उजेडात धरला.
‘राहू दे. आपल्याकडची अशीच असते.’

रविवारी पोरं रामनदीच्या पुलाखाली उतरतात.
सोमवारी भरलेले तक्ते माझ्या काउंटरवर,
ओले, कडेला चिखलाचं बोट.
गाठी : दोन. गाठी : दोन. गाठी : दीड.
वास : आहे किंवा नाही, एकावर खूण करा.
वॉचमनच्या तेजलनं दोन्ही खोडून लिहिलं होतं :
उतरताना आहे. थोडं थांबलं की नाही.
बाई ते पान बराच वेळ धरून बसल्या.
मग म्हणाल्या, हा रकाना मी चुकीचा आखला.

श्रावण संपता संपता
भेळेच्या गाडीवरचा लिंबाजी आला
चिंचेच्या चटणीनं माखलेला कागद घेऊन.
रद्दीत आलेला. भेळ बांधता बांधता वाचला म्हणे.
मला वाटलं, ओरडायला आलाय.
‘हे तिसरं पान. चौथं कुठंय?
पुढं काय करायचं ते त्यात असंल ना?’

चौथं मीच काढलेलं, सहाशे वेळा.
काच उचल, कागद पालथा, हिरवा उजेड सरकतो,
वाचायचं काय त्यात.
लिंबाजीला द्यायला म्हणून उचललं
आणि त्यानंच अडखळत मोठ्यानं वाचलं :
प्रश्न सातवा. तुमच्या मोरीचं पाणी कुठं जातं?
उत्तर येत नसेल तर त्याच्या मागं चालत जा.

रात्री शटर ओढायच्या आधी
मी रोजच्यासारखे हात धुतले.
टोनरची काळी भुकटी, वर निळा साबण,
मोरीत एक भोवरा, गुडूप.
अठरा वर्षं हे पाणी ‘जातं’. एवढंच माहीत होतं.

मोबाईलची बॅटरी लावून दुकानामागं गेलो.
पाईप गॅरेजच्या भिंतीपर्यंत,
तिथं ऑईलची साथ मिळते,
पुढं सोसायटीच्या कुंपणाखालून
फरशीच्या आत. दिसत नाही, पण आवाज येतो,
कुणी झोपेत बडबडावं तसा.
एक कुत्रं माझ्याबरोबर चालत होतं, मध्येच परत फिरलं.
मग घाणेरीची झुडपं, उतार,
आणि अंधारात तोंड उघडं टाकून पाईप संपला.

खाली नदी होती.
रुंदीला माझ्या दुकानाएवढी.
काठावर कुणाची तरी सीडी पडलेली,
अर्धी काळी, अर्धी चमकणारी.

घरी येऊन कागद भरायला बसलो.
उत्तराला बाईंनी एकच ओळ सोडलेली.
मी पान उलटं केलं.

तेव्हापासून चौथं पान पाठपोट काढत नाही,
मागची बाजू कोरी सोडतो.
कागद जास्त जातो.
जाऊ दे.